चार इंच वर

६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१०

निर्णय झाला. पिकअपला लिफ्ट किट बसवायचं. सस्पेन्शन बदलून अख्खी बॉडी चाकांपासून वर उचलायची. गाडी तीच, पण उंच.

कारण पूर्णपणे धंद्याचं आहे. अमळनेरला माझं ठिबक आणि पाइपचं दुकान. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत माल पोचवणं हा सर्व्हिसचा भाग. बांधाचा रस्ता खराब, आणि खराब रस्त्याला ग्राउंड क्लिअरन्स लागतो. साधं लॉजिक आहे. (माल टेम्पोवाला पोचवतो, हे खरं. पण उद्या तो आलाच नाही तर?)

चहाच्या वेळी दिपमालाला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, त्याने तुमची उंची वाढणार नाही.

उंचीचा इथे काहीही संबंध नाही. मी पाच फूट दोन इंच आहे, बुटांसकट साडेतीन. ती पाच-पाच. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तो विषय केव्हाच संपलाय.

संकल्प : टेक्निकल गोष्टी घरात बोलायच्या नाहीत. ही वही आहे. हिच्याशी खोटं बोलायचं कारणच नाही.

९ एप्रिल, बुधवार

तीन दिवस अभ्यास. ऑस्ट्रेलियातला एक दाढीवाला माणूस आहे, त्याचे एकोणीस व्हिडिओ बघितले. इंग्रजी कळत नाही, पण बोट कुठे दाखवतो ते कळतं.

दोन प्रकार. एक, जुन्या स्प्रिंगवर लोखंडी चकती ठेवायची. त्याला स्पेसर म्हणतात. स्वस्त आणि मस्त. दुसरा, पूर्ण किट : पुढे नव्या लांब स्प्रिंगा, मागे जादा पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), लांब शॉकअप. दाढीवाला स्पेसरचं नाव घेताना नाक मुरडतो. मीही मुरडायला लागलोय.

मग उंची. दोन इंच म्हणजे फॅमिली. चार इंच म्हणजे सिरियस. सहा इंचांच्या व्हिडिओत गाडी उलटली.

दुपारी एक गिऱ्हाईक कांद्याच्या ठिबकचा भाव विचारायला आलं. त्याला वीस मिनिटं अप्रोच अँगल (नाक न घासता गाडी किती उभ्या चढावर चढते तो कोन) समजावून सांगितला. तो ऐकून शेजारच्या दुकानात गेला. असं गिऱ्हाईक गेलेलं बरं.

१३ एप्रिल, रविवार

धुळ्याला नासीरभाईकडे जाऊन आलो. तीस वर्षं ट्रकचे पाटे बसवतायत. माणूस अनुभवी, पण व्हिजन नाही.

विचारलं, गाडी रोज कुठे चालते. म्हटलं, अमळनेर, धुळे, कधी शिंदखेडा. म्हणाले, तो तर डांबरी रस्ता आहे, योगेंद्रभाऊ. मागचे पाटे दमलेत, एकेक नवीन घालू, शॉकअप बदलू, गाडी नव्यासारखी होईल. मी म्हटलं, मला नव्यासारखी नको, उंच हवी. मग दोन इंचांवर थांबा, म्हणाले. स्पेसरचं विचारलं तर म्हणाले, "ते टाचेखाली पाट घेऊन उभं राहण्यासारखं आहे. माणूस उंच दिसतो, पाय तेवढेच राहतात."

हे बोलताना त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मुद्दाम बघितलं असं नाही म्हणत. पण बघितलं.

त्यांची आई हसीनाबी दुकानाच्या दारात मेथी निवडत बसलेली असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, गाडी दुरुस्त करायला आणलीस की बिघडवायला?"

निघताना नासीरभाईंनी विचारलं, गाडी फोर बाय फोर आहे ना? म्हटलं, मागे स्टिकरच आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

चार इंचांचं पूर्ण किट ऑर्डर केलं. दोन इंचांत काय होतं? दोन इंचांनी कोणाच्या लक्षातही येत नाही. हे मी अनुभवाने सांगू शकतो.

टार्गेट : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तीस तारखेला सासुरवाडीला उंच गाडीतून उतरायचं.

२६ एप्रिल, शनिवार

किट नाही. ट्रॅकिंगवर चार दिवस "मार्गस्थ" दिसतंय. दिपमालाने विचारलं, तुम्ही पाच मिनिटांनी मोबाइल का बघता, कोणी आजारी आहे का.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सासुरवाडी. पिंपळनेरच्या अलीकडे, नाला ओलांडून आत दोन किलोमीटर. गाडी बुटकीच नेली.

सासरे सुपडू आबा ओट्यावर होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून बैलांचं स्वतः बघतात. सासूबाई वच्छलाबाई खापरावर पुरणपोळ्या करत होत्या. चार खाल्ल्या. पोरीबाळी निंबाखाली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. सगळं छान चाललेलं असताना भिकन आला.

भिकन म्हणजे माझा साडू. धाकट्या मेव्हणीचा नवरा. त्याच गावचा, त्याची जीप पिंपळनेर ते गाव पॅसेंजर वाहते. उंची पाच अकरा. माणूस वाईट नाही, फक्त वाकून बोलतो. आल्याबरोबर म्हणाला, "दादा, यंदा नाला कोरडा ठाक शे."

सगळे हो हो म्हणाले. आबाही हो म्हणाले. मी पाचवी पोळी घेतली नाही.

तो नाल्याबद्दल का बोलला ते मला कळतं. इथे लिहायची गरज नाही.

५ मे, सोमवार

किट आलं! जळगावच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमधून स्वतः जाऊन आणलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. गोडाऊनमधला माणूस म्हणाला, एवढ्या उन्हात कशाला आलात, परवा पोचवलंच असतं. काही लोकांना पॅशन कळत नाही.

तीन खोकी. हॉलमध्ये उघडली. स्प्रिंगा लालभडक. टीपॉयवर एक उभी करून ठेवली. दिपमाला म्हणाली, शोभेची वस्तू झाली असेल तर कुकर उतरवायला जागा करा.

८ मे, गुरुवार

थोडी तांत्रिक अडचण.

नासीरभाईंनी सकाळी मागचं काम घेतलं. जुने पाटे सोडले, जादा पाटा घालून जुडगा बांधला, लांब यू-बोल्ट, नवे शॉकअप. दुपारपर्यंत मागची बाजू ऐटीत वर. मग पुढे गेले. गाडीखाली शिरले.  मग खालूनच विचारलं, "योगेंद्रभाऊ, ही फोर बाय फोर कोण म्हणालं तुम्हाला?"

गाडी फोर बाय टू निघाली. म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर बाय फोरचं पुढचं सस्पेन्शन वेगळं असतं, किट त्याचंच आलंय, ते बसत नाही.

स्टिकर मी स्वतःच लावला होता. कॉलेज रोडवरच्या रेडियमवाल्याकडून, २०१९ साली. इतक्या वर्षांत मी ते विसरलो होतो, एवढंच.

नासीरभाई म्हणाले, मागचं काढून पूर्वीसारखं करून देतो, पुढचं आलं की एकदम बसवू. मी म्हटलं, नको. वर गेलेली गोष्ट खाली आणायची नाही. हे तत्त्व आहे.

त्यांनी परत दोनदा सांगितलं. हसीनाबीनेही सांगितलं. मी गाडी घेऊन निघालो.

१८ मे, रविवार

पुढच्या स्प्रिंगा बदलून मागवल्यात. तोपर्यंत गाडी मागून उंच, पुढून पूर्वीसारखी. टक्कर द्यायला निघालेल्या बैलासारखी दिसते. मला यात एक डौल वाटतो.

बसलेला माणूस हळूहळू पुढे सरकतो. दिपमाला अमळनेर ते धुळे डॅशबोर्डला हात टेकून बसली होती. तिने फक्त एकदा विचारलं, आपण उतारावर आहोत का? मी म्हटलं, नाही.  येताना ती एसटीने आली. तिला तिकडे काम होतं.

दुकानासमोर सगळे थांबून बघतात. आकर्षण आहे.

२९ मे, गुरुवार. दुपारी ४

झालं! पुढचं बसलं. चारी बाजूंनी चार इंच. टायरही मोठे टाकले.

नासीरभाईंनी गाडी तीनदा चालवून बघितली. कपाळाला आठी. म्हणाले, साठच्या पुढे थरथर येईल, खालच्या जॉइंटचा कोन बदललाय. ब्रेकचे पाइप लांब घातलेत. अलाइनमेंट पंधरा दिवसांनी परत दाखवा, टायर आतून खाईल. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे दिपतील. आणि वळणावर सावकाश, पूर्वीची गाडी समजू नका. कागदपत्रांचंही विचारून घ्या.

मी हे नीट ऐकलं नाही, कारण मी गाडीत बसलो होतो आणि सगळं दिसत होतं. आग्रा रोडवरच्या सगळ्या कारची टपं दिसत होती. एका टपावर कोणाची तरी वाळत घातलेली चप्पल दिसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी टपावर काय आहे ते मला दिसलं.

बसताना थोडी अडचण झाली. हँडल धरून, गुडघा टेकून, मग पोटावर. दोन दिवसांत सवय होईल.

१ जून, रविवार

सवय होतेय. गाडीत छोटं स्टूल ठेवलंय. स्टूल खाली ठेवायचं, चढायचं, मग वाकून स्टूल वर ओढायचं. शेवटच्या टप्प्यात स्टूल खालीच राहतं. आतापर्यंत दोन स्टुलं राहिली. एक शिंदखेड्याला, एक पेट्रोल पंपावर.

हमालांनी तक्रार केली. हौदा त्यांच्या छातीपर्यंत येतो, पाइपांचे बंडल टाकताना खांदे भरतात. त्यांना म्हटलं, हा व्यायाम आहे. त्यांनी बंडल खाली ठेवले आणि चहाला गेले. आता सगळा माल टेम्पोच नेतो.

थरथर बासष्टला येते. मी साठवर चालवतो. साठ हा चांगला स्पीड आहे. झाडं बघता येतात.

१५ जून, रविवार

टेस्ट. अमळनेरच्या बाहेर बोरी नदीच्या पात्रात गाडी घातली. दाढीवाल्याने सांगितलंय, पहिली टेस्ट वाळूत.

गाडी दहा फूट गेली. मग मागची चाकं जागेवर फिरायला लागली आणि ती हळूहळू खाली बसली. चारच्या चार इंच वाळूत गेले. म्हणजे तासभर ती पूर्वीएवढीच उंच होती.

बैलगाडी घेऊन एक गृहस्थ चालले होते. त्यांनी बैल सोडले, साखळी लावली, गाडी ओढून काढली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बैलांना जरा मोकळं झालं.

निष्कर्ष : टेस्ट यशस्वी. टो-हुक मजबूत आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आज दुकान बंद. बसल्या बसल्या एक गोष्ट लिहून टाकतो. वहीशी खोटं बोलायचं नाही म्हटलं होतं.

गेल्या वर्षी याच महिन्यात आबांना ताप भरला होता. दिपमालाची शाळा होती, ती म्हणाली, तुम्ही जाऊन त्यांना धुळ्याला घेऊन या. गेलो. गावाच्या अलीकडच्या नाल्यावर फरशी पूल आहे, कठडे नसलेला. त्याच्यावरून पाणी जात होतं. तांबडं. आवाज होता त्याला. मी गाडी बंद करून बत्तीस मिनिटं बसलो. मग फिरवली आणि परत आलो. दिपमालाला सांगितलं, शिंदखेड्याच्या गिऱ्हाईकाने अडवून ठेवलं.

पाणी किती होतं? त्या दिवशी कमरेएवढं वाटलं. आता वाटतं, गुडघ्याएवढं असेल. संध्याकाळी भिकन त्याच पाण्यातून जीप घालून आबांना पिंपळनेरला दवाखान्यात घेऊन गेला.

तेव्हापासून त्या घरात काही ठरवायचं असलं की भिकनला विचारतात. मला पुरणपोळी वाढतात. कोणी काही बोलत नाही. न बोलणं हेच बोलणं आहे.

तर गाडी उंच का केली याचं हेही एक कारण असू शकतं. मुख्य कारण धंद्याचंच.

आता पाणी येऊ दे. माझी तयारी आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ६.३०. धुळे, हॉस्पिटलचा बाक

वही घरी राहिली. गोळ्यांच्या कागदी पिशवीवर लिहितोय, नंतर उतरवून घेईन.

काल सकाळी नऊला सासूबाईंचा फोन. आबांच्या पोटात कळ. लोळतायत, बसवत नाही. भिकन पॅसेंजर घेऊन साक्रीला गेलेला, फोन लागत नाही. दिपमालाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी किल्ली घेतली. मी तयारच होतो!

दोघं निघालो. ती सारखी सांगत होती, जरा जोरात. मी बासष्ट केले. गाडी थरथरली. तिने विचारलं, हे काय? म्हटलं, फील आहे. साठवर आणली.

साडेअकराला नाल्यावर.

फरशीवरून पाणी जात होतं. मी गाडी थांबवली. चार इंच लिफ्ट, टायरचा एक जादा, सगळं मनात मोजलं. मोजायचं कारण नव्हतं. समोरून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आली, ती चालत अलीकडे आली, तिच्या पायातले वाळे कोरडे होते. तिने मला वाट करून द्यायला बाजूला सरकून हात केला : या.

मी स्टिअरिंग धरून बसलो. दिपमाला म्हणाली, चला की. मी म्हटलं, अलाइनमेंट. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, अलाइनमेंट दाखवायची राहिलीय, ओल्या फरशीवर गाडी ओढेल. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. त्यापेक्षा वाईट. वर्गातल्या एखाद्या पोराला गणित येत नाही हे तिला एकदम कळलं, तसं.

पाय खरंच उचलत नव्हता. अ‍ॅक्सिलरेटर दोन बोटांवर होता.

तेवढ्यात पलीकडून आबा दिसले. चालत! वाट बघून बघून निघाले होते. एका हाताने धोतर वर धरलेलं, दुसरा हात पोटावर, मागे सासूबाई पिशवी घेऊन. दर दहा पावलांना थांबून वाकायचे. फरशीच्या मधोमध वाकले तेव्हा दिपमाला दार उघडून उडी मारून धावली. मीही उतरलो. उतरलो म्हणजे पडलो, पण लगेच उठलो. पाण्यातून धावलो. पाणी घोट्याच्या खाली होतं. हे मला मधोमध पोचल्यावर कळलं.

दोघांनी आबांना धरून अलीकडे आणलं. दार उघडलं. आबांनी मान वर करून सीटकडे बघितलं. तशा कळेत म्हणाले, "जवाईबुवा, हायी गाडी शे का माडी शे?"

स्टूल नव्हतं. तिसरंही कुठेतरी राहिलंय. मी खालून उचलायला गेलो. आबा ओरडले. पोट दाबलं गेलं की जास्त कळ. मी वर चढून हात दिला, पुरेना. मागच्या हौद्याचा विचार केला, तो तर त्यांच्या गळ्यापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, दगड आणा. दोन दगड आणले, हलत होते. आबा तिथेच रस्त्याच्या कडेला बसले, घामाने भिजलेले. दिपमाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मग साक्रीच्या बाजूने भिकनची जीप आली. त्याला कोणीतरी निरोप दिला होता. जुनी, रंग उडालेली, जमिनीला टेकलेली जीप. आबा ओट्यावर बसल्यासारखे आत बसले.

भिकन उतरला. गाडीकडे एकदा बघितलं, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच मान वर करून. मग म्हणाला, "दादा, तुम्ही मागं बसा. आबासले धरा. मी जोरात नेस."

मी पिकअप तिथेच कडेला लावली आणि मागे बसलो. दिपमाला पुढे बसली, सासूबाई बैलांसाठी घरी परतल्या. आबांचं डोकं माझ्या मांडीवर. साक्री, मग धुळे. प्रत्येक खड्ड्याला ते माझा हात दाबायचे. त्या वयात काय ताकद आहे! अजून बोटांचे वळ आहेत. माझी मांडी कुठे उंच, कुठे खोल अशी काही नाही. बरोबर होती.

मुतखडा आहे असं निघालं. रात्रीतून बरं वाटलंय. आज काढणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. दुपारी १२, हॉस्पिटल

खडा काढला. आबांनी शुद्धीत आल्यावर पहिलं विचारलं, बैल धुतले का. भिकनने गावातून व्हिडिओ पाठवला. शिंगांना रंग, पाठीवर झूल. आबांनी आठ वेळा बघितला. नवव्यांदा बघताना मी बोलायचं ठरवलं. दिपमाला खाली ज्यूस आणायला गेली होती.

म्हटलं, आबा, मागच्या वर्षी तुम्हाला ताप होता तेव्हा मी आलो होतो. नाल्यापर्यंत. पाणी बघून परत गेलो.

आबांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही उनथात? माले कोनी सांगं नही."

मी म्हटलं, कोणाला माहीतच नाही. त्यांनी उशी सारखी केली. मग म्हणाले, "पानी दखीसन परत फिरनात? बरं कयं. भिकन येडा शे. त्या दिन जीप निम्मी वाहीसन गयथी, मी देवनं नाव ली राहिंथू." परत फिरलो ते बरं केलं, असं! आणि परत बैल बघायला लागले.

म्हणजे वर्षभर त्या घरात माझ्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं, कारण माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आनंद व्हायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत होईल.

दारात दिपमाला ज्यूस घेऊन उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. तिने मला ग्लास आधी दिला. शिंदखेड्याच्या गिऱ्हाईकाबद्दल तिने काही विचारलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी ३.३०, एसटीत

आबांना आज सोडलं. भिकन जीप घेऊन यायला तयार होता. पण आबांना पंच्याहत्तरीपासून एसटी फुकट आहे. तेव्हापासून ते पैसे घेणाऱ्या कशातही स्वखुशीने बसत नाहीत.

धुळे ते पिंपळनेर, तिथून गावची गाडी. गावच्या गाडीत कंडक्टरने आबांचं कार्ड बघितलं. दिपमालाकडे बघितलं, बायकांना हाफ. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एक फ्री, दोन हाफ."

मी म्हटलं, एक हाफ, एक फुल. म्हाताऱ्यांचं हाफ पासष्टीपासून, मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. तो म्हणाला, माफ करा आबा, चेहऱ्यावरून वाटलं. दिपमाला खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. चार दिवसांनी हसली. 

फरशी पुलावरून एसटी गेली, तेव्हा पाणीच नव्हतं. नुसता ओला डाग.

आबांना ओट्यावर बसवलं. ते उठून थेट गोठ्याकडे गेले. दिपमाला दोन दिवस राहणार. मी चहा घेऊन चालत नाल्यावर निघालो, गाडी आणायला. डोक्यात सगळं ठरलं होतं. उद्याच नासीरभाईकडे, किट काढून टाकायचं. जुने पाटे बसवायचे. मान खाली घालून, जे म्हणतील ते ऐकायचं. हसीनाबीचंही.

गाडी होती तिथेच होती. कडक ऊन. आणि गाडीखाली पंधरा-वीस शेळ्या सावलीला बसलेल्या. ऐसपैस. दोन करडं मागच्या पाट्यांना पाठ लावून झोपलेली. शेजारी राखणारी बाई भाकरी खात होती. कुंदाबाई नाव, तिनेच सांगितलं.

तिने विचारलं, कोण पाहुणे? म्हटलं, सुपडू आबांकडे आलो होतो. ती म्हणाली, बसा, सावली शे. मग गाडीकडे भाकरीचा हात करून म्हणाली, "कोनी येडा चार दिन व्हयनात, गाडी सोडीसन गया. बरं व्हयनं पन. बठ्ठ्या शेया मावतीस. तुमनी नही ना?"

खिशात किल्ली होती. हातही खिशात होता.

मी म्हटलं, नाही. मी एसटीची वाट बघतोय.

बसलो. विचार केला, ती शेळ्या घेऊन गेली की गाडी काढू. फार तर अर्धा तास. तिने मला कांदा दिला. चांगला होता.

दहा मिनिटांत गावाकडून एसटी परत आली. मी तिकडे बघितलंच नाही. पण कुंदाबाई उठली, भाकरी पदरात बांधली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून गाडी थांबवली. म्हणाली, चढा दादा, यान्हा नंतर संध्याकाळपर्यंत गाडी नही.

चढलो.

कंडक्टर तोच. त्याने काही विचारलं नाही. मशीनमधून हाफ काढलं आणि माझ्या हातात दिलं.

म्हणाला, बसा आबा.

बसलो.